नटाचे ज्ञान आणि साहित्यकृतीचे ऋण

साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की समीक्षेत बहुधा एकच प्रश्न चर्चिला जातो : चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? हा प्रश्न दिग्दर्शकाला आणि पटकथाकाराला उद्देशून असतो. नट त्यातून सुटतो. त्याने पटकथा वाचली, संवाद पाठ केले, की त्याचे कर्तव्य संपले असे गृहीत धरले जाते. मूळ कृती त्याने वाचली आहे की नाही, ही त्याची खाजगी बाब मानली जाते. हे गृहीतक नैतिकदृष्ट्या टिकणारे आहे काय, याचा विचार वऱ्हाडच्या संदर्भात केल्यास प्रश्नाचे काही दुर्लक्षित पैलू स्पष्ट होतात.

वऱ्हाडचा अभिजात कृतींच्या रूपांतराशी संबंध जुना आहे. गोपाळ गणेश आगरकरांचे शालेय शिक्षण अकोल्यात पुरे झाले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्यांचे शिक्षक होते. महाजनींनी 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हे नाटक 1879 मध्ये सिद्ध केले. आगरकरांचे 'हॅम्लेट'वर आधारलेले 'विकारविलसित' 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. हेच 'विकारविलसित' पुढे शाहूनगरवासी मंडळीने रंगभूमीवर गाजविले आणि गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट मराठी नाट्येतिहासात दंतकथेसारखा झाला. गणपतरावांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. मूळ कृती न वाचता श्रेष्ठ अभिनय होऊ शकतो, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण हुकमी वाटते.

परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष तितका सरळ नाही. शाहूनगरवासी मंडळीला वासुदेव बाळकृष्ण केळकरांसारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचे मार्गदर्शन होते. नटाने वाचले नव्हते ते जाणत्या माणसाकडून तालमीत त्याच्यापर्यंत पोहोचत होते. म्हणजे तेथे ज्ञानाचा अभाव नव्हता; ज्ञानाचा मार्ग वेगळा होता. चित्रपटात हा मार्ग बहुधा अरुंद होतो. चित्रण तुकड्यातुकड्यांनी, कथेचा क्रम मोडून होते. कथेतला शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशीही चित्रित होऊ शकतो. अशा वेळी त्या प्रसंगामागचे सबंध आयुष्य नटाला कोणी सांगितले नसेल, तर ते त्याने आणायचे कोठून?

याच्या विरुद्ध एक भारदस्त युक्तिवाद आहे. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 साली कादंबरी व चित्रपट यांच्या संबंधाची चिकित्सा करताना असे प्रतिपादन केले, की रूपांतरित चित्रपट ही मूळ कृतीची प्रत नसून स्वतंत्र वस्तू असते. हे मान्य केले, तर कादंबरी वाचून आलेला नट उपकारक ठरण्याऐवजी अडसरही ठरू शकतो. पटकथेने गाळलेले तो अभिनयात घुसवील, कादंबरीतले अंतर्मन चेहऱ्यावर चितारू पाहील. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र तो ज्ञानाविरुद्ध नाही, ज्ञानाच्या अनावर प्रदर्शनाविरुद्ध आहे. जाणून बाजूला ठेवणे आणि मुळात न जाणणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पटकथेने गाळलेल्या गोष्टी ज्याला ठाऊक असतात, त्याच्या मौनाला वजन येते. ज्याला त्या ठाऊक नसतात, त्याचे मौन केवळ दोन संवादांमधली रिकामी जागा असते.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीच्या उदाहरणाने हा भेद नैतिक पातळीवर जातो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीत शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि नोकरदार नवऱ्याची आस धरून आलेली अलका यांच्या संसाराला कोरडवाहू शेतीचे ग्रहण लागते. पुढील दशकाच्या आरंभी धीरज मेश्राम यांनी तिच्यावर चित्रपट केला, तो हिंदीत. सुबोध भावे, सीमा बिस्वास, बेंजामिन गिलानी असे निरनिराळ्या भाषांतून आलेले नट त्यात आहेत. त्यांपैकी कोणी काय वाचले होते, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा, की ज्या माणसांचे दुःख पडद्यावर यावयाचे होते ती माणसे इतिहासजमा झालेली नव्हती. कादंबरीनंतर चारच वर्षांनी, 2006 मध्ये, विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारला 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे त्यांत होते. हॅम्लेट चुकला तर डेन्मार्कच्या राजपुत्राची तक्रार येत नाही. वऱ्हाडातला शेतकरी चुकीचा उभा राहिला, तर प्रेक्षागृहातच त्याचा अपमान होतो.

हा अपमान कसा घडतो हे भाषेच्या अंगाने पाहता येईल. भरताने सांगितलेल्या अभिनयाच्या चार प्रकारांत वाचिकाचे स्थान महत्त्वाचे आहे, आणि वऱ्हाडी पात्राच्या बाबतीत नटाची कसोटी येथेच लागते. मराठी रंगभूमीवर व पडद्यावर वऱ्हाडी बोली पुष्कळदा हशासाठी वापरली गेली. 'काऊन बे' म्हटले की टाळी, 'करून राहिलो' म्हटले की हशा. वास्तविक 'करून राहिलो' हा त्या बोलीतला चालू क्रियेचा नित्याचा प्रयोग आहे. त्यात विनोद नाही. 'मले', 'तुले' या रूपांतही नाही. बोलीचा हा एकच सूर ज्याच्या कानांवर पडला आहे, तो नट गंभीर प्रसंगातही नकळत त्याच सुरात बोलेल. या बोलीत शोक, संताप, लाज आणि जिद्द कशी उमटते हे त्याला कळण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे त्या बोलीतले श्रेष्ठ साहित्य.

उद्धव शेळके यांची 'धग' (1960) हे त्याचे ठळक उदाहरण. अमरावती जिल्ह्याच्या जीवनातून उगवलेल्या या कादंबरीत कौतिक नावाची स्त्री दारिद्र्याशी आणि नवऱ्याच्या महारोगाशी झगडते. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद वऱ्हाडीत, ही तिची रचना. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी वाचकाला हसवीत नाही. संसार सावरण्याचे ते तिचे हत्यार आहे. 2014 मध्ये 'धग' याच नावाचा, अगदी वेगळ्या कथेचा एक मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे गुण स्वतंत्र आहेत आणि नाव कोणाच्या मालकीचे नसते. तरीही आज 'धग' म्हटल्यावर कित्येकांना आधी चित्रपट आठवावा, यातून पडद्याची सत्ता लक्षात येते. रूपांतराच्या बाबतीत ही सत्ता अधिकच कठोर होते. एकदा पात्राला नटाचा चेहरा मिळाला, की वाचकाने कल्पिलेला चेहरा पुसला जातो. आणि जेथे पुस्तक पोहोचत नाही तेथे नट हीच त्या पुस्तकाची एकमेव आवृत्ती ठरते. आवृत्ती काढणाऱ्याने मूळ प्रत पाहू नये, हे कोणत्या न्यायाने मान्य करावे?

केवळ पुस्तक वाचल्याने ऋण फिटते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'जैत रे जैत' लिहिली ती ठाकरांच्या जीवनावर. ते जग त्यांना जन्माने मिळालेले नव्हते. डोंगर तुडवून त्यांनी ते मिळविले होते. जब्बार पटेल यांच्या 1977 च्या चित्रपटात मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी नाग्या व चिंधी उभी केली, तेव्हा त्यांच्यापुढे कादंबरी होती आणि कादंबरीपलीकडे ठाकर होते. पुस्तक हे माणसांपर्यंत जाण्याचे दार आहे. दारातच थांबणारा नट विद्वान होईल. भूमिका तेवढ्याने जिवंत होणार नाही.

हे कर्तव्य सर्वांवर सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन दिवसांच्या मजुरीवर गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसाकडून कादंबरीच्या वाचनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ज्याचा चेहरा भित्तिपत्रकावर असतो, ज्याच्या नावावर तिकिटे विकली जातात, त्याच्यावर ही जबाबदारी त्याच्या सत्तेच्या प्रमाणात येते. भाषेची अडचणही सबब ठरू नये. 'बारोमास'चा दामोदर खडसे यांनी केलेला हिंदी अनुवाद उपलब्ध असून त्याला साहित्य अकादमीचा 2015 चा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. जेथे अनुवाद नाही तेथे जुन्या तालमीची रीत आहे : जाणत्याने वाचावे, नटाने ऐकावे.

तेव्हा गणपतराव जोशींचे उदाहरण ज्ञानाच्या बाजूचेच ठरते. मूळ कृती नटाने स्वतः वाचावी की दुसऱ्याकडून समजून घ्यावी, हा साधनाचा प्रश्न आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, हा नीतीचा. उद्या कोणी नटी कौतिकची भूमिका स्वीकारील, तर तिचे पहिले काम उच्चार शिकण्याचे नसेल. ही बाई कोणालाही हसविण्यासाठी बोलत नाही, एवढे तिला आधी कळावे लागेल. उच्चार त्यानंतर शिकता येतात.