न लागलेला दिवा

वाईट बातमी आणणाऱ्याचा राग येणे हा मनुष्यस्वभावच आहे. तो राग निर्जीव वस्तूंवरही निघतो, हे मात्र मला जुनी मोटार बाळगू लागल्यावर समजले. माझी प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. जन्म मुंबईत कुर्ल्याचा, घराणे इटलीतल्या फियाट ११००चे. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी-बहिणी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. आता उरल्या आहेत त्या आमच्यासारख्या हौशी माणसांच्या दारात.

तिच्या डॅशबोर्डावर फारसे काही नाही. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, पाणी किती तापले ते सांगणारा काटा आणि एकदोन दिवे. एवढ्याशा मंडळींनी मला जितके विचार करायला लावले, तितके माझ्या कपाटातल्या जाडजूड ग्रंथांनीही लावले नसतील.

पेट्रोलचा काटा 'टाकी रिकामी' असे म्हणू लागला की मालकाचा पहिला संशय काट्यावर. परवाच तर भरले होते! मग मिस्त्रींकडे जायचे. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो आणि त्याच्या दांडीमुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. काटा हलतो तो त्यामुळे. मिस्त्री टाकीवरची वायर सोडवतात आणि गाडीच्या पत्र्याला टेकवतात. काट्याने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झेप घेतली, तर काटा आणि वायर दोन्ही धड. रोग टाकीतल्या युनिटात किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. पुष्कळदा तो अर्थिंगमध्येच निघतो. जरासा गंज पॉलिशपेपरने घासला की काटा पुन्हा खरे बोलू लागतो.

पण मौज अशी, की हाच काटा टाकी भरलेली दाखवीत असला, तर त्याला तपासायला कुणी नेत नाही. चांगल्या बातमीकडे आपण साक्षीपुरावा मागत नाही.

पाण्याच्या काट्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याला खबर देणारा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो. घाटात गाडी तापली की काटा चढतो. आपण थांबतो, बॉनेट उघडतो, इंजिन निवू देतो. पण समजा, नळी फाटून सगळे पाणीच वाहून गेले, तर सेन्सर उघडा पडतो. त्याच्याभोवती पाणी नाही, मग तो कशाची उष्णता सांगणार? अशा वेळी काटा चक्क खाली येऊ शकतो. खंबाटकीच्या चढावर उतरलेला काटा पाहून ज्याला हायसे वाटेल, त्याचे इंजिन पुढच्या वळणावर जळेल.

आणि तो ऑइलचा लाल दिवा! किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी तो लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब आला की विझलाच पाहिजे. पुढे प्रवासभर तो गप्प असतो. या गप्प राहण्याचे अर्थ दोन: सगळे कुशल आहे, किंवा बल्ब गेला आहे. बसल्या जागेवरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात.

या दिव्यावरून मिस्त्रींच्या गॅरेजात एकदा वाद झाला, त्याला मी साक्षी होतो. एका गृहस्थांना आपली गाडी विकायची होती. इंजिन गरम झाले की तिचा लाल दिवा मिणमिणू लागे. मिस्त्रींनी दाबाचे मीटर लावून पाहिले, तर दिवा खराच बोलत होता. बेअरिंगे झिजली होती. गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, तेवढा बल्ब काढून टाका."

मिस्त्री गप्प राहिले, तसे गृहस्थ माझ्याकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. बल्ब काय रोज जातात. घेणाऱ्याने विचारलं तर मी खोटं नाही बोलणार. न विचारलेलं सांगायचं नाही, एवढंच. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

युक्तिवाद वरवरचा नव्हता. आपण सगळेच पुष्कळ गोष्टींबाबत गप्प असतो, आणि म्हणून तर घरे टिकतात. मी शब्दांची जुळवाजुळव करीत होतो, तोवर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "काढतो की साहेब. फक्त घेणाऱ्याला सांगा, या गाडीला बल्ब नाही म्हणून."

"मग काढून उपयोग काय?" गृहस्थ म्हणाले, आणि स्वतःच ओशाळे हसले. ते गाडी घेऊन गेले. बल्ब पुढे दुसरीकडे कुणी काढला की नाही, मला ठाऊक नाही.

मिस्त्रींना जे सुचले ते मला सुचले नव्हते. भिंत गप्प असते, तिच्यावर कुणी विसंबत नाही. दिव्याच्या गप्प राहण्यावर मात्र कुणीतरी बायकोमुलांना घेऊन घाट चढणार असतो. जिथे आपल्या मौनाचा अर्थ 'सगळे ठीक' असा घेतला जाणार हे आपल्याला माहीत असते, तिथे ते मौन म्हणजे उच्चारलेले वाक्यच.

हा निवाडा मला पटला. पण तो पटताच थोरली ताई आठवली आणि मी अडखळलो. तिने तर आपला बल्ब कधीच काढून ठेवला आहे. तोही स्वार्थापोटी नव्हे, मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून. तिला त्या गृहस्थांच्या पंक्तीला बसवायला माझी जीभ रेटत नाही. हेतूत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरीही तिच्या 'मी बरी आहे'वर विसंबून मुले परगावी निश्चिंत आहेत, आणि दुखणे काही हेतू पाहून थांबत नाही.

म्हणून ताईला फोन केला की 'कशी आहेस?' असे मी आताशा विचारीतच नाही. परवा विचारले, "आज जिना किती वेळा चढलीस?"

"तू कधीपासून डॉक्टर झालास रे?" ताई कडाडली. मी काही बोललो नाही.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "दोनदा. दुसऱ्या खेपेला मधल्या पायरीवर बसले होते जरा."