शांतता कोणाची?

सायकलवरच्या माणसाला वाटेतले सगळे मिळते: भाताची खाचरे, नागलीचे उतार, चुलीचा धूर. नाशिकहून गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल करीत जावे आणि अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या मंदिराचा काळा पाषाण पाहत त्र्यंबकला टेकावे. २०१५ साली नाशिकच्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी सायकलींवरून अमेरिका ओलांडली. तो पराक्रम, आमचे आपले रमतगमत. तासतासभर मोटारीचा भोंगा नाही. आपण म्हणतो, काय ही शांतता!

पण ती आली कुठून? एस.टी. क्वचित येते म्हणून. आजारी म्हातारीला घेऊन फाट्यावर ताटकळणारा माणूस तिला शांतता म्हणत नसेल, खोळंबा म्हणत असेल. मग आपण जाऊच नये काय? तसे मला वाटत नाही. मोटारवाल्याला तो माणूस दिसतच नाही. सायकलवाल्याला निदान उतरून विचारता तरी येते. आणि रस्ता मोठा व्हावा असे तो म्हणाला, तर निमूट मान डोलवावी. आपली वाट दोन कोस आड शोधावी, झाले. पाय आपलेच आहेत!