कपाटातल्या फायली

‘मी आहे ना, तुला काय करायचंय त्या कागदांशी?’ हे वाक्य घराघरांत फार मायेनं बोललं जातं. विम्याचे हप्ते, बँकेतल्या ठेवी, पीपीएफ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं तो एकटा सांभाळतो. तिच्यासाठीच सांभाळतो, यात शंका नाही. पण ज्या दिवसासाठी हे जमवलेलं असतं, तो दिवस उजाडतो तेव्हा नेमका तोच घरात नसतो.

तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि ती फायली पुढ्यात घेऊन बसते. कुठल्या शाखेत किती ठेव, लॉकरची किल्ली कोणती, मोबाइलचा पासवर्ड काय, मित्राला हातउसने दिलेले परत आले का... प्रत्येक गोष्ट मुलाला, दिराला किंवा बँकेतल्या अनोळखी माणसाला विचारावी लागते. रडायचे दिवस मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढण्यात जातात. याला गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. उभा जन्म संसार केलेल्या बाईला आपल्याच घरात परकं वाटावं, हा अन्याय आहे, आणि तो प्रेमापोटी झाला म्हणून लहान होत नाही.

‘नॉमिनी तूच आहेस’ एवढं सांगून पुष्कळ नवरे निश्चिंत होतात. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते खरी, पण ते अखेर कोणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. तरी ते लिहिलं जात नाही. विषय निघाला की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून तोंड बंद केलं जातं. मला वाटतं, मरणापेक्षा वाटणीची भीती जास्त असते. लिहायला बसलं की मुलीला किती आणि मुलाला किती हे ठरवावं लागतं, आणि वर्षानुवर्षं टाळलेलं बोलणं समोर येतं.

दहा वर्षं कुणी विचारपूस न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांना त्या शोधता याव्यात म्हणून २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू करावं लागलं. घरच्यांना कधी सांगितलेच नाहीत असे पैसेही त्यात असणारच.

लपवाछपवी एकाच बाजूची नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून पाचशेच्या नोटा निघाल्या आणि कित्येक बायकांना त्या नवऱ्यासमोर ठेवाव्या लागल्या. त्यावर विनोद फार झाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. घरच्या हिशेबात जिला जागा नव्हती, तिनं अडीनडीसाठी केलेली ती तजवीज होती. ते पैसेही बहुधा मुलांच्या फीसाठी, कुणाच्या आजारपणासाठीच होते.

बायकोला पैशातलं कळत नाही, ही सबब मला पटत नाही. महिन्याची मिळकत तीस तारखेपर्यंत पुरवणारीला व्याजाचा दर नक्की समजतो. अडचण त्याची असते. वही उघडायची तर बुडालेले शेअर्स, भावाला गुपचूप दिलेली रक्कम, कुणाच्या कर्जाला जामीन राहून केलेली सहीही दाखवावी लागते. घरात इतकी वर्षं मिळालेला मान तेवढ्यानं जाईल, असं त्याला वाटतं. म्हणूनच एखाद्या रविवारी दोघं बसतील तेव्हा सुरुवात ठेवींपासून न करता देण्यांपासून करावी. जामीनदार गेला तरी बँक त्याच्या मालमत्तेकडे हात वळवू शकते. ते तिला नोटिशीतून कळण्यापेक्षा त्याच्या तोंडून कळलेलं बरं. आणि त्या दिवशी तिच्या डब्यातल्या पैशांचा हिशेब मात्र मागू नये. तो तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.