चातुर्मासातील चाके

बांधलेला रस्ता सोडून चिखल, ओढे, खडक आणि तीव्र चढ यांवरून वाहन नेण्याच्या छंदाला ऑफ-रोडिंग म्हणतात, आणि त्यासाठी चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचणारी, म्हणजे फोर-बाय-फोर, वाहने लागतात. पुण्या-मुंबईच्या मोटारप्रेमी मंडळांतील थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सींचे मालक शनिवार-रविवार गाठून सह्याद्रीच्या कुशीत जातात, दिवसभर गाड्या चिखलात घालतात व काढतात आणि रात्री तंबू ठोकून शेकोटीभोवती बसतात. या छंदाचा खरा हंगाम पावसाळा हाच होय, कारण चाकाची पकड सुटण्यातच चालकाच्या कौशल्याची कसोटी असते. 2014 मध्ये गोव्यात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही शर्यतही भर पावसात घेतली गेली. नेमक्या याच महिन्यांत भारतातील बौद्ध आणि जैन या श्रमण परंपरांनी आपल्या साधूंना एका जागी थांबण्याची आज्ञा दिली होती, आणि या विरोधातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो: जिथे जाण्याची गरज नाही अशा जमिनीवर केवळ आनंदासाठी यंत्र घेऊन जाणे कितपत योग्य आहे?

या आज्ञेमागची कारणमीमांसा विनयपिटकाच्या महावग्गात आली आहे. शाक्यपुत्र भिक्खू सर्व ऋतूंत हिंडतात, हिरवे गवत तुडवतात आणि असंख्य क्षुद्र जीव मारतात, उलट अन्य पंथांचे साधू आणि पक्षीसुद्धा पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर बुद्धाने वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा, नियम घालून दिला. जैन साधू-साध्वींचा चातुर्मास याच विचारावर उभा असून तो आजही कसोशीने पाळला जातो. ज्या मावळात आज गाड्यांचे तांडे उतरतात, त्याच मावळात भाजे, कार्ले आणि बेडसे येथे भिक्खूंच्या निवासासाठी कातळात विहार कोरले गेले. या नियमात एक गृहीत दडलेले आहे आणि ते आधुनिक मनाला सहज पटत नाही: वाट नसलेली जमीन मोकळी नसते, तिथे आधीपासून कोणीतरी राहत असते.

जैन आचारशास्त्राने हे गृहीत तत्त्वाच्या पातळीवर नेले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानीवर भर न देता ती प्रमादातून, म्हणजे बेसावध आणि विकारांच्या अधीन झालेल्या वर्तनातून, घडली की नाही याला महत्त्व दिले आहे. म्हणूनच साधूसाठी ईर्यासमिती, म्हणजे साधारण चार हात पुढची जमीन न्याहाळत जीव वाचवून पाऊल टाकण्याची शिस्त, सांगितली आहे. अशी दक्षता घेऊनही एखादा जीव पायाखाली आला, तर तो दोष बेफिकीर चालणाऱ्याच्या दोषाइतका मानला जात नाही.

ही कसोटी ऑफ-रोडिंगला लावली, तर पहिला निष्कर्ष त्याच्या बाजूने निघतो, कारण दक्षता हाच या छंदाचा प्राण आहे. जाणता चालक एरवी 30 पीएसआयच्या आसपास असणारी टायरची हवा 18 ते 20 पर्यंत उतरवतो, त्यामुळे टायर जमिनीवर पसरून पकड घेतो. मग तो लो-रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त देणाऱ्या गिअरमध्ये, गाडी जवळजवळ पायी चालण्याच्या गतीने पुढे सरकवतो. गाडीपुढे स्पॉटर म्हणजे वाट दाखवणारा सहकारी चिखलात उभा असतो आणि कोणते चाक कोणत्या दगडावर ठेवायचे हे हाताच्या खुणांनी सांगतो. गाडी रुतली, तर विंचचा, म्हणजे गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, दोर झाडाला थेट न बांधता आधी बुंध्याभोवती रुंद पट्टा गुंडाळतात, त्यामुळे साल सोलवटत नाही. जागच्या जागी चाक गरगरवणारा चालक या वर्तुळात अडाणी समजला जातो.

तरीही या दक्षतेचा विषय बहुधा गाडी हाच असतो. स्पॉटरची नजर चाकाला धोका देणारा दगड शोधते, दगडाखालच्या जिवाकडे ती जात नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे, म्हणजे जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे, उघडी-बोडकी दिसतात, पण पावसात त्यांवरच्या अवघ्या काही सेंटिमीटर मातीत गेंद, दवबिंदू, सीतेची आसवे अशा वनस्पतींचे सारे आयुष्य उरकते आणि सुट्या दगडांखाली पाली, साप, बेडूक यांचा आसरा असतो. जागतिक वारशात 2012 मध्ये समाविष्ट झालेले कासचे पठार याच जातीचे आहे. उतारावरील ओल्या मातीत उमटलेली चाकोरी पुढच्या सरीत पाण्याचा पाट बनते, दरवर्षी खोल होत जाते आणि तिची माती खालच्या भातखाचरात जाऊन बसते. समुद्रकिनाऱ्यावर वाळूतील चाकोरीत कासवाची पिल्ले अडकून पडतात आणि पाण्यापर्यंत पोचू शकत नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल की नांगराखाली याहून कितीतरी अधिक जीव मरतात, मग दोष एकट्या छंदालाच का द्यावा? जैन विचारात याचे उत्तर आहे. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे आरंभी म्हणजे घरकामातील, उद्योगी म्हणजे उपजीविकेतील, विरोधी म्हणजे संरक्षणातील आणि संकल्पी म्हणजे हेतुपुरस्सर असे भेद केले आहेत. पहिल्या तिन्हींना जगण्याची अपरिहार्यता म्हणून मर्यादित सूट आहे. याशिवाय अनर्थदंड म्हणजे विनाप्रयोजन केलेली हानी हा निराळा दोष मानून गृहस्थाला तो टाळण्याचे व्रत दिले आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचा प्रमादचर्या हा प्रकार सांगताना निष्कारण जमीन, पाणी, अग्नी आणि वारा यांना उपद्रव देणे, वनस्पती तोडणे, स्वतः हिंडणे आणि इतरांना हिंडवणे अशी यादी येते, आणि ती वाचताना मोटारमंडळाच्या शनिवार-रविवारचा जवळजवळ संपूर्ण कार्यक्रम डोळ्यांपुढे उभा राहतो.

मात्र सारा प्रश्न ‘विनाप्रयोजन’ या अटीवर अडतो, कारण आनंद हेही प्रयोजन आहे. शहरी नोकरीत पिचलेल्या माणसाला मोकळ्या हवेची, सोबतीची आणि हातापायांच्या कौशल्याची भूक असणे स्वाभाविक आहे, आणि डोंगर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून डोंगराविषयी आस्था उपजत नाही, हेही खरे आहे. गृहस्थाकडून साधूच्या व्रताची अपेक्षा ती परंपरादेखील करत नाही. तेव्हा आनंद निषिद्ध ठरवण्याऐवजी त्या आनंदाला ही हानी खरोखरच आवश्यक आहे काय, हे तपासणे न्यायाचे होईल.

ही तपासणी करणे अवघड नाही. कौशल्याचा आनंद बंद पडलेल्या दगडखाणीत, त्यासाठीच राखलेल्या खाजगी जमिनीवर किंवा पूर्वीपासून वहिवाट असलेल्या बैलगाडीच्या वाटेवरही तितकाच मिळतो. सोबतीचा आणि शेकोटीचा आनंद तर चाकांवर अवलंबूनच नाही. ज्याला हा आनंद पुरेसा वाटत नाही आणि न मळलेले पठारच हवे असते, त्याच्या सुखाचा विषय कौशल्य उरत नसून अस्पर्श भूमीवर आपली खूण उमटवणे हाच झालेला असतो, आणि तिथे हानी ही आनंदाची अनुषंगिक किंमत न राहता त्याचा गाभा बनते. अनर्थदंडाची व्याख्या अशा वर्तनाला तंतोतंत लागू पडते.

राखीव वनात आणि अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे कायद्याने गुन्हा आहेच, पण गायरान, देवराईची कड आणि गावालगतचा सडा यांच्या बाबतीत बहुधा विवेक हाच एक पहारेकरी असतो. मोटारमंडळांनी स्पॉटरच्या कामात आणखी एक कर्तव्य घालावे: गाडीला वाट दाखवण्याआधी त्याने त्या जमिनीवर पायी फिरून यावे, आणि ओली माती, फुललेला सडा किंवा कोणाचे खाचर दिसले तर गाड्या परत फिरवण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा. हा अधिकार जे मंडळ मान्य करील त्याच्या छंदाला धर्मदृष्ट्याही आक्षेप घेता येणार नाही, आणि जे मान्य करणार नाही त्याने निसर्गप्रेमाचे नाव घेऊ नये.