झिजेचा आवाज

आपल्या मालकीची वस्तू आपण हवी तशी वापरावी, हवी तर झिजवावी. त्यात दुसऱ्याने नाक खुपसायचे कारण काय? हा प्रश्न गेल्या वैशाखात माझ्या पुतण्याने मला अंगणात उभा राहून विचारला. मुख्याध्यापक असून मला त्याचे उत्तर त्या वेळी देता आले नाही.

टोंकखुर्द हे देवास जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. भोवती काळी जमीन, सोयाबीन आणि गहू. रात्री नऊनंतर कुत्र्यांखेरीज येथे फारसे कोणी बोलत नाही. रॉयल एनफिल्डने २०१६ साली ४११ सीसीची ‘हिमालयन’ आणली, तेव्हापासून डोंगरदऱ्यांतून हिंडायच्या उंच गाड्यांचे वेड लहान गावांतही शिरले आहे. पुतण्याने त्याच जातीची एक गाडी घेतली. दोन महिन्यांत तिचा मूळचा सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे बसवले आणि एअर फिल्टरची बंद पेटी काढून उघडी जाळी लावली. मग गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या फडताळातली भांडी थरथरू लागत.

मी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाची व धुराची मर्यादा मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळा-रुग्णालयांभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र ठरवता येते. तो हसून म्हणाला, “काका, आधी लग्नातल्या डीजेला विचारा. आणि तुमच्या जुन्या स्कूटरचा धूर? आम्ही मुलं तुमच्या मागून खोकत शाळेत यायचो.”

मी गप्प झालो. ती स्कूटर टू-स्ट्रोक होती. पेट्रोलबरोबर ऑइल जाळणे हा तिचा स्वभावच. मी ती अठरा वर्षे चालवली. धूर माझ्या मागे जात होता, म्हणून तो मला कधी दिसला नाही. आपल्या करणीचा बराचसा भाग असा आपल्या पाठीमागेच घडत असतो.

ज्येष्ठात तो मित्रांबरोबर मांडवगडला जाऊन आला. परत आल्यावर गाडीची ओढ गेली होती, ऑइल निम्म्यावर आले होते. देवासच्या एका जुन्या मेकॅनिककडे आम्ही ती घेऊन गेलो. त्याने हेड उघडले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खवली होती आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते. त्याने ते समजावून दिले. इंजिनात किती हवेला किती पेट्रोल द्यायचे हे कारखान्यात मूळचा फिल्टर आणि मूळचा सायलेन्सर धरून ठरवलेले असते. दोन्ही बदलले की हवा जास्त शिरते. इंजिनातला संगणक काही मर्यादेपर्यंत पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. ती मर्यादा ओलांडली, विशेषतः पूर्ण थ्रॉटलवर, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि उष्णता वाढते. तापलेले ऑइल पातळ होते, त्याचा पापुद्रा तुटतो आणि लोखंड लोखंडाला घासते. उघड्या जाळीतून आपल्या काळ्या मातीची धूळ आत गेली, तिने पॉलिश कागदाचे काम केले.

“पण हे एका दिवसात होत नाही,” मी म्हणालो. “याला आधी कळलं कसं नाही?”

तो हात पुसत म्हणाला, “मास्साब, इंजन तो महीनों से बोल रहा था. इसने सुनने कहाँ दिया?” मग त्याने दुसऱ्या एका चालू गाडीच्या इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली आणि मलाही ऐकवले. आत व्हॉल्व्हची बारीक टिकटिक शिंप्याच्या यंत्रासारखी चालली होती. त्या नळकांड्याच्या गर्जनेखाली असली टिकटिक कुठून ऐकू येणार?

माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. इंजिन त्याचे, पैसे त्याचे, हे खरेच. पण आवाज, धूर आणि उष्णता या गोष्टी मालकीच्या कुंपणात राहत नाहीत. त्या बाहेर पडल्या की शेजाऱ्याच्या होतात. सायलेन्सर हा स्वाराच्या सोयीसाठी नसतोच, तो इतरांसाठी यंत्रात बसवलेला संकोच आहे. आणि जो तो संकोच काढून टाकतो, त्याला प्रथम स्वतःचीच झीज ऐकू येईनाशी होते. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम आपल्याच बंदुकांच्या आवाजाने बहिरा झाला. पुढे त्याच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, बंदुकीचा सायलेन्सर काढला आणि मोटारींचे सायलेन्सरही बनवले.

याच्या उलट उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. गाता येत नव्हते त्या वर्षांत ते माळव्यातली लोकगीते ऐकत राहिले, आणि पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते ऐकलेले सगळे त्यांच्या गाण्यात उतरले. गप्प बसणे त्यांच्यावर लादलेले होते, ऐकणे मात्र त्यांनी निवडलेले होते.

एवढे तत्त्वज्ञान जमवून मी घरी आलो आणि आईला म्हणालो, “आता त्याची गाडी ओरडणार नाही. तुला शांत झोप लागेल.” आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, “अरे, मला त्या आवाजाचा आधार होता. आवाज आला की कळायचं, पोरगं सुखरूप घरी आलं. मग मी डोळे मिटायची.”

वाचकहो, माझ्या युक्तिवादातले हे भगदाड मी लपवणार नाही. एकाचा त्रास तो दुसऱ्याचा दिलासा असू शकतो. पण आईला हवा होता तो आवाज नव्हे, खबर होती. ती देण्यासाठी सारी गल्ली उठवावी लागावी, याचे कारण एवढेच की आम्ही घरातली माणसे एकमेकांना हलक्या आवाजात काही सांगेनासे झालो होतो. रात्रीचे जागरण ती इतके दिवस सोसत होती आणि ते मला, त्याच घरात राहून, ऐकू आले नव्हते. मग बहिरा कोण, पुतण्या की मी?

इंजिनाच्या दुरुस्तीला बरेच पैसे गेले. मूळचा सायलेन्सर माळ्यावरून उतरला. आता तो रात्री येतो तेव्हा मला फाटकाची कडी तेवढी ऐकू येते. मग तो आईच्या खोलीच्या दाराशी थांबतो आणि म्हणतो, “आजी, आलो.”