निरोगीपणाचा दाखला

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर एके काळी कोट्यवधी बायसन चरत. आपल्या राधानगरीच्या गव्याचे हे दाढीवाले, लोकरीचे भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात त्यांची अशी कत्तल झाली की १९०२च्या सुमारास यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जेमतेम दोन डझन उरले. आज तिथे पुन्हा हजारो आहेत. ज्या आदिवासी जमातींचं अन्न, वस्त्र, निवारा, प्रार्थना सगळं या जनावरावर उभं होतं, त्यांना ते आपल्या जमिनीवर परत हवंय. मग अडतं कुठे?

अडतं ब्रुसेलोसिसपाशी. या रोगाने गाभण गाई गाभडतात. यलोस्टोनच्या बायसनमध्ये तो १९१७ साली आढळला, आणि आला होता तो गोऱ्यांनी आणलेल्या पाळीव गुरांकडूनच. आता त्याच गुरांच्या मालकांना बायसनची धास्ती! हिवाळ्यात गवताच्या शोधात उद्यानाची हद्द ओलांडणारे शेकडो बायसन त्यापायी कत्तलखान्यात गेले. रोग तिथल्या एल्क हरणांतही आहे. परिसरातल्या गुरांना अलीकडे झालेली लागण एल्ककडूनच आली, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१७चा अहवाल सांगतो. तरी एल्क मोकळे, कारण शिकाऱ्यांना ते हवे असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पशुपालकांची भीती अगदीच खोटी नाही. एका गाईला लागण निघाली तरी अख्खा कळप अडकून पडतो. पण मला वाटतं, भांडण रोगाइतकंच गवताचंही आहे. सरकारी कुरणावर कोणाचं जनावर चरणार?

मोंटानातल्या फोर्ट पेकच्या असिनिबॉइन आणि सू लोकांनी बायसनवरचा हा अन्याय बोलून दाखवलाच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २०१२ साली यलोस्टोनचे बायसन त्यांच्याकडे आले. पुढे त्यांनी स्वतःच विलगीकरणाचे वाडे उभारले. पकडायचं, रक्त तपासायचं, काही महिने थांबून पुन्हा तपासायचं. रानटी जनावराला वर्षानुवर्षं कुंपणात ठेवणं त्यांनाही रुचत नसणार. पण निरोगीपणाच्या दाखल्याशिवाय सुटका नाही. आणि निरोगी ठरलेले सगळे बायसन ते स्वतःकडेच ठेवून घेत नाहीत. ज्यांची कुरणं अजून रिकामी आहेत, अशा दुसऱ्या जमातींकडे त्यातले कित्येक ट्रकमधून रवाना होतात.