स्वभाषेचा न्याय

एखादे तत्त्व आपण मनापासून मानतो की आपल्या सोयीपुरते मानतो, हे ओळखावे कसे? आमच्या मते त्याची कसोटी एकच आहे. जे आपण बलवंतापाशी स्वतःसाठी मागितले, तेच आपल्याहून दुबळ्याने आपल्यापाशी मागितले असता आपण काय करतो, हे पाहावे. मातृभाषेतून शिक्षण हे आपणा सर्वांस प्रिय असलेले तत्त्व. त्याचा पुरस्कार करताना आपल्याकडील विद्वानांनी वारंवार जपानकडे बोट दाखविले. तेव्हा जपानच्याच इतिहासावर हे तत्त्व एकदा घासून पाहावे, असा आमचा विचार आहे.

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपान पाश्चात्य विद्या घेण्यास निघाला, तेव्हा ती कोणत्या भाषेतून घ्यावी हा प्रश्न तेथेही पडला होता. मोरी आरिनोरी हा पुढे त्या देशाचा पहिला शिक्षणमंत्री झालेला गृहस्थ. १८७२-७३ च्या सुमारास त्याने इंग्रजीचाच अंगीकार करावा असे सुचविले होते. त्यास उत्तर दिले ते बाबा तात्सुई या लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुणाने. त्याने १८७३ साली जपानी भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत मोरीच्या सूचनेचा समाचार घेतला. परकी भाषा शिकण्यास ज्यांना सवड व पैसा आहे ते वर जातील, बाकीचे खाली राहतील आणि दोहोंमध्ये संवादच उरणार नाही, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. शेतकऱ्याच्या पोरालाही कळावे एवढ्यासाठी स्वभाषा, हे ते कारण. अखेर मोरीची सूचना मागे पडली. तोक्यो विद्यापीठ १८७७ साली निघाले तेव्हा तेथे बरेचसे अध्यापन परदेशी अध्यापक परभाषेतून करीत. पण पुढल्या पिढीत जपानी अध्यापक जपानीतून शिकवू लागले. निशी आमाने याने 'तत्त्वज्ञान' या अर्थी 'तेत्सुगाकु' हा शब्द घडविला, आणि असे शेकडो शब्द घडून विद्या घराघरांत शिरली.

हे उदाहरण आपल्याकडे लवकरच पोचले. जपानी महिला विद्यापीठाची एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढून त्यात मातृभाषेस माध्यमाचे स्थान दिले. तिकडे निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व उच्च शिक्षण देशी भाषेतून देऊ लागले. त्या राज्याचे शिक्षणाधिकारी सर रॉस मसूद १९२२ साली खास जपानला गेले आणि तेथील शिक्षणपद्धतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. इंग्रजी अमदानीत असे धाडस करणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र उस्मानियाची ती देशी भाषा उर्दू होती, आणि त्या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती.

आमची हिंगोली त्या काळी त्याच राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. आमचे थोरले चुलते सांगत की, घरी आजीजवळ बेरीज-वजाबाकी शिकलेला मुलगा शाळेत गेला की त्यास 'जमा' व 'तफरीक', 'जरब' व 'तकसीम' नव्याने पाठ करावे लागत. उर्दू ही अत्यंत गोड भाषा आहे, आणि 'जमा' हा शब्द तर आपल्याही वहीखात्यात कायमचा वस्तीला आला आहे. दोष भाषेचा नव्हता. स्वभाषेचा जपानी धडा गिरविताना 'स्व' कोणाचा हे विचारायचे राहून गेले, हा दोष होता.

परंतु हे विचारायचे खुद्द जपानकडूनही राहून गेले होते. ओकिनावा बेटांत शाळेमध्ये घरची बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवीत. उत्तरेकडील ऐनू लोकांच्या भाषेची शाळांतून हेळसांड झाली. १९१० साली कोरिया खालसा केल्यावर तेथील शाळांत जपानीस 'राष्ट्रभाषा' म्हणून बसविण्यात आले, आणि १९३८ साली कोरियन हा केवळ ऐच्छिक विषय उरला. १९४२ साली कोरियन शब्दकोश सिद्ध करणाऱ्या मंडळाच्या सभासदांस पकडण्यात आले. त्यांपैकी दोघे तुरुंगातच वारले. जप्त झालेले हस्तलिखित १९४५ साली, जपानचा पराभव झाल्यावर, सेऊल स्थानकाच्या वखारीत सापडले. ज्या राष्ट्राने स्वभाषेच्या बळावर जगास चकित केले, त्याच राष्ट्राच्या अमलाखाली शब्दकोश करणे हा अपराध ठरला!

असे का व्हावे? आम्हांस वाटते, दोन भिन्न कारणांची येथे गल्लत झाली. मुलास समजावे म्हणून स्वभाषा, हे पहिले कारण. भाषा ही राष्ट्राचे रक्त आहे म्हणून स्वभाषा, हे दुसरे. पहिले कारण मान्य केले की ते कोरियातील मुलासही लागू करावेच लागते, कारण समजण्याची गरज सर्व मुलांस सारखीच. दुसरे कारण मात्र स्वतःच्या कुंपणाशी थांबते. इतकेच नव्हे तर कुंपण पुढे सरकवावे असे सुचविते. बाबा तात्सुईचे बोट सोडून जपान या दुसऱ्या वाटेला लागला. पहिले कारण न्यायाचे आहे, दुसरे अभिमानाचे; आणि न्यायावाचून अभिमान हा बहुधा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

येथवर आम्ही जपानविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात आम्ही उस्मानियाची ही हकीकत आमच्या चुलत्यांच्या आठवणींसह पुष्कळ आवेशाने सांगितली. तास संपल्यावर सेनगाव तालुक्यातील एका तांड्यावरून येणारा, घरी गोरमाटी बोलणारा विद्यार्थी थांबला. तो म्हणाला, "सर, पहिलीत सहा महिने मी तोंड उघडलं नव्हतं. मास्तरांना वाटलं, पोरगं मुकं आहे. तुमच्या काकांची जशी उर्दू, तशी आमची मराठी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच आम्हांस उत्तर सुचले नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, प्रत्येक बोलीत शाळा काढावयाची की काय? त्या विद्यार्थ्याच्या बापालाच मुलाने मराठी-इंग्रजी शिकावे असे वाटते. हे खरे आहे, व बापाचे म्हणणे रास्तही आहे. मराठीवाचून त्या मुलाचे कचेरीत व बाजारात चालणार नाही. परंतु दुसरी भाषा देणे निराळे आणि पहिलीची लाज वाटावयास लावणे निराळे. मातृभाषा ही जिन्याची पहिली पायरी आहे. तीवर उभे राहूनच मूल वर चढते. पहिल्या दोन वर्षांत गुरुजींनी मुलाच्या बोलीतील शे-दोनशे शब्द शिकून घेतले, तर कोणते राज्य बुडणार आहे? १९५६ साली घटनेत घातलेल्या कलम ३५० (क) मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांस सांगितलेले आहेच. कायद्याला जे सुचले ते मनाला सुचावयाचे राहिले आहे. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हांसही आनंद झाला. परंतु थोरपण मिळाले की धाकट्यांशी वागण्याची जबाबदारीही येते.

हिंगोलीजवळील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, ती मराठीत नाहीत. आधी मराठी शिका, मग विठ्ठल सांगतो, असे त्यांनी उत्तरेकडील लोकांस म्हटले नाही. लोकांस समजेल त्या भाषेत ते बोलले. मराठीचे त्यात काय उणे झाले?

आम्ही अजूनही वर्गात उस्मानियाची हकीकत सांगतो. त्यानंतर कोरियातील शब्दकोशाची सांगतो, आणि शेवटी त्या तांड्यावरच्या विद्यार्थ्याचे वाक्य सांगतो. पूर्वीइतका आवेश मात्र आता आमच्या बोलण्यात येत नाही.